खमिरातला मुद्रितशोधक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



यीस्टवर बोलायला वर्धा जिल्ह्यातला माणूस बसलाय, यात थोडी गंमत आहे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात, तिथे दारूचं दुकान नको, म्हणून ही बंदी. ती कितपत पाळली जाते, हा आजचा विषय नव्हे. पण ज्या सूक्ष्म जीवाच्या जिवावर जगभरची दारू तयार होते, त्याला आमच्याकडे बंदी करता आलेली नाही. बोरगाव मेघेहून वर्ध्याकडे पहाटे निघालात तर बेकरीच्या भट्टीतून पावाचा जो वास येतो, तोही त्याचीच करणी. आम्ही त्याला खमीर म्हणतो. शब्द मूळचा अरबी. उर्दू-फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि इथलाच झाला. शास्त्राच्या पुस्तकात किण्व म्हणतात. बेकरीवाला सरळ यीस्ट म्हणतो, तेव्हा आपणही तेच म्हणू.

मी शास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण तो मला शास्त्राइतकाच अक्षरांचा वाटतो. मजकूर उतरवताना होणारी चूक, ती पकडणारा मुद्रितशोधक, आणि तो मुद्रितशोधकच बिघडला तर मजकुराचं काय होतं, अशी ही गोष्ट आहे. ती यीस्टमध्ये सुरू होते आणि माणसांच्या घरात येऊन पोचते.

यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव, बुरशीच्या कुळातला. मैद्याच्या गोळ्यात साखर मिळाली की खातो, वायू सोडतो, गोळा फुगतो. अनुकूल हवेत दीड-दोन तासांत एकाचे दोन होतात. एवढासा जीव, पण त्याच्या पेशीची घडण आपल्या पेशीशी फार जवळची आहे. आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखीच गुणसूत्रं. त्याची संपूर्ण डीएनए-संहिता १९९६ साली वाचून झाली. सोळा गुणसूत्रं, सुमारे सव्वा कोटी अक्षरं आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं. आपल्या संहितेत तीनशे कोटी अक्षरं. पण अक्षरं चारच, तिथेही आणि इथेही: ए, टी, जी आणि सी. डीएनएचे दोन धागे एकमेकांसमोर असतात. एका धाग्यावर ए असला तर समोर टी, जी असला तर समोर सी. नियम एवढाच.

पेशी दुभंगायची वेळ आली की हे दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो. म्हणजे पूर्ण पोथी उतरवून काढायची. आता उतरवण्याचं काम आलं की चूक आलीच. आपल्या मराठीला हे सांगायला नको. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. कुणी शब्द गाळला, कुणी आपल्या पदरचा घातला. अखेर पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५८४ साली प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आमच्या विदर्भात महानुभावांच्या पोथ्यांचं तेच. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकाचं आयुष्य पाठ ताडण्यात गेलं. चूक होणारच हे धरून चालायचं आणि ती पकडायला कुणीतरी नेमायचा, हा शहाणपणा ग्रंथांच्या दुनियेत उशिरा आला. पेशीला तो कित्येक कोटी वर्षांपासून आहे.

पेशीत तीन पातळ्यांवर काळजी घेतली जाते. नवा धागा विणणारं जे विकर आहे, म्हणजे लेखनिकच म्हणा, तो मुळात काळजीवाहू. लाखभर अक्षरांमागे त्याचं एखादं चुकतं. चुकलं तर तो थबकतो, मागे येतो, अक्षर खोडतो, पुन्हा लिहितो. यानं चुकांचं प्रमाण कोटीत एकाच्या आसपास येतं. आता कोटीत एक म्हणजे फारच थोडं, असं वाटेल. पण माणसाच्या एका पेशीला आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली मिळून सहाशे कोटी अक्षरं उतरवायची असतात. म्हणजे दर वेळी सहाशे चुका राहिल्या. म्हणून तिसरी पातळी. लेखनिक पुढे निघून गेल्यावर मागून एक पथक येतं आणि ताजा मजकूर हात फिरवून पाहतं. एसमोर सी बसला असेल तर तिथे धागा किंचित वाकडा झालेला असतो. पथकातला पहिला गडी ते वाकडेपण ओळखून चिकटतो, दुसरा येऊन त्याला मिळतो, मग चुकीचा भाग कापून काढतात आणि तेवढा मजकूर पुन्हा विणतात. सहाशेच्या जागी आता पाच-सहा चुका उरतात, कधी त्याहूनही कमी. या कामाला विजोड-दुरुस्ती म्हणू या. न जुळणारी जोडी शोधून ती जुळवायची.

यात एक मोठी अडचण आहे, आणि मला ती फार आवडते. समोरासमोर दोन अक्षरं आहेत, जुळत नाहीत. पण त्यांतलं चूक कोणतं? जुनं अक्षर बदलून नव्याशी जुळवलं तर चूक कायमची शिक्कामोर्तब झाली! मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती, हे आधी कळायला हवं. काही जिवाणूंत जुन्या धाग्यावर एक रासायनिक खूण असते, नव्यावर ती थोड्या वेळानं उमटते. तेवढ्या वेळात दुरुस्ती उरकायची. यीस्टमध्ये आणि आपल्यात तशी खूण नाही. तिथे नव्या धाग्यात सांधायच्या राहिलेल्या फटी असतात, विणणाऱ्या यंत्रणेचा एक भाग अजून त्यावर बसलेला असतो, त्यावरून नवं कोणतं ते कळतं. शाई ओली आहे, यावरून नक्कल ओळखावी तसं. जिवाणूंतली ही सगळी यंत्रणा सुटी करून पुन्हा नळीत जुळवून दाखवणारे अमेरिकेतले पॉल मॉड्रिक यांना २०१५ साली टॉमस लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिघांचेही विषय डीएनएच्या दुरुस्तीचेच, दुरुस्तीचे प्रकार मात्र वेगवेगळे.

यीस्टमध्ये या पथकातले महत्त्वाचे गडी ज्या जनुकांवरून बनतात त्यांची नावं एमएसएच-२, एमएलएच-१ आणि पीएमएस-१. नावं रुक्ष आहेत, त्याला माझा इलाज नाही. एवढंच लक्षात ठेवा, की एमएसएचचा गडी वाकडेपण हुडकतो आणि बाकीचे दोघे जोडीनं येऊन पुढचं काम करतात.

आता प्रश्न असा, की या जनुकांतच अक्षरबदल झाला, ज्याला उत्परिवर्तन म्हणतात तो, तर काय? माणसात हे तपासायचं कसं? आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. एक बिघडली तर दुसरी काम ओढून नेते आणि बाहेरून काही कळतच नाही. यीस्टची सोय अशी, की तो एकेरी प्रतीवरही मजेत जगतो. एक जनुक मोडलं की झाकायला दुसरं नाही. परिणाम तिथल्या तिथे दिसतो, आणि दोन दिवसांत कोट्यवधी पेशी मोजायला मिळतात.

इथे अक्षरांच्या चुकीचा एक खास प्रकार सांगायला हवा. तुमच्यापैकी कुणी रामनामाची वही लिहिली असेल. ओळीमागून ओळ तेच दोन शब्द. त्यात शुद्धलेखनाची चूक होत नाही, मोजणीची होते. किती झाले? पंधरा की सोळा? तसबीहचे मणी बोटांनी ओढतानाही तेच. डीएनएमध्येही अशा जागा आहेत. जीटी, जीटी, जीटी अशी एकच जोडी दहा-वीस वेळा. लेखनिक तिथे घसरतो. एखादी जोडी जास्त लिहितो किंवा गाळतो. मग एका धाग्यावर जास्तीची अक्षरं फुगवट्यासारखी बाहेर येतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या चॅपल हिल इथे टॉमस पीट्स यांच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न यीस्टला विचारण्यात आला. प्रयोगाची युक्ती ऐकण्यासारखी आहे. डीएनएचं वाचन तीन-तीन अक्षरांच्या गटानं होतं, आपल्या वृत्तात गण असतात तसं. मालिनी म्हणताना मध्येच दोन अक्षरं वाढवली तर पुढचे सगळे गण कोसळतात. त्यांनी यीस्टच्या पेशीत एक जनुक घातलं आणि त्याच्या सुरुवातीच्या भागात जीटी-जीटीची माळ अशी बेतानं बसवली, की गण बरोबर पडावेत. हे जनुक चालू असेल तर एक विशिष्ट रसायन पेशीला विष होतं. म्हणजे माळ जशीच्या तशी उतरली तर त्या रसायनाच्या ताटलीत पेशी मरणार. मोजणीत घसरण झाली, दोन अक्षरं वाढली किंवा घटली, तर गण मोडले, जनुक बंद पडलं, आणि पेशी जगली. ताटलीवर उगवलेला प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे एक चूक. चुका बोटानं मोजता येतात!

निरोगी यीस्टमध्ये अशी घसरण लाखात एखाद्या पेशीत दिसायची. मग त्यांनी वर सांगितलेली तीन जनुकं एकेक करून मोडली. तिन्हींपैकी कुठलंही मोडा, माळेतल्या चुका शंभर ते सातशे पटींनी वाढल्या. याउलट लेखनिकाची स्वतःची खोडून लिहिण्याची सोय बंद केली, तर या माळेच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या चुका लेखनिकाला स्वतःला दिसत नाहीत, त्या मागून येणाऱ्या मुद्रितशोधकालाच दिसतात. कवितासंग्रहाची मुद्रितं स्वतः तपासणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. मिशेलीन स्ट्रँड, टॉमस प्रोला, मायकेल लिस्के आणि पीट्स यांचा हा निबंध सप्टेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही झाली पावाच्या खमिराची कथा. आता माणसांकडे येऊ.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या एका रोगनिदानतज्ज्ञाला त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं, की मी लवकरच मरणार, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनं. आमच्या घरात सगळे असेच जातात. वॉर्थिननं ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची नोंद करत गेला आणि १९१३ साली ती छापली. ती बाई तिनं सांगितलं होतं तशीच, तरुणपणी, गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. पुढे १९६२ साली ओमाहा शहरातल्या रुग्णालयात हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला एक रुग्ण भेटला. दारूच्या अतिरेकानं भ्रम होऊन दाखल झालेला. इतकी का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्या घरात सगळे कॅन्सरनं मरतात, मीही मरणार आहे, म्हणून पितो. आमच्या जिल्ह्यात असा माणूस भेटला असता तर दारू सोड म्हणून चार शब्द सुनावून घरी पाठवला असता. लिंच त्याच्या घराण्याच्या मागे लागला. परिचारिका असलेल्या आपल्या पत्नीला घेऊन नातेवाइकांच्या घरी गेला, कागदपत्रं जमवली. १९६६ साली अशा दोन घराण्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्या काळी कॅन्सर आनुवंशिक असू शकतो, हे फारसं कुणी मानत नव्हतं. खाण्यात काही असेल, हवेत असेल, योगायोग असेल, असं त्याला ऐकवलं गेलं. आज या आनुवंशिक आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. लिंच २०१९ साली वारला. पण त्याचं म्हणणं खरं ठरलेलं त्यानं पाहिलं.

ते ठरलं १९९३ मध्ये. त्या वर्षाच्या मे-जूनमध्ये तीन वेगवेगळ्या गटांना मोठ्या आतड्याच्या काही गाठींत एक विचित्र गोष्ट दिसली. त्या गाठींच्या डीएनएमध्ये ठायी ठायी त्या माळांची मोजणी चुकलेली होती, हजारो ठिकाणी. आणि लिंचनं सांगितलेल्या घराण्यांतल्या गाठींत हे विशेष होतं. हे असं का, हा प्रश्न होता. यीस्टवाल्यांनी आपल्या सप्टेंबरच्या निबंधात उत्तराची दिशा दाखवली: आमच्या ताटलीवर हेच दिसतंय, दुरुस्तीची जनुकं मोडलेली आहेत का ते पाहा. डिसेंबर उजाडेपर्यंत बॉस्टनचे रिचर्ड कोलोडनर आणि त्यांचे सहकारी, तसंच बाल्टिमोर आणि हेलसिंकीचे शास्त्रज्ञ, अशा दोन गटांनी माणसातलं एमएसएच-२ शोधून काढलं. दुसऱ्या गुणसूत्रावर, नेमकं जिथे या घराण्यांचा दोष असल्याचा अंदाज होता तिथेच. १९९४ मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावर एमएलएच-१ सापडलं. तीच नावं, तीच कामं. मिशिगनच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातही पुढे एमएसएच-२ चाच दोष निघाला. शंभर वर्षं एका घराण्याचं नशीब म्हणून जे सांगितलं जात होतं, त्याची अक्षरं बोट ठेवून दाखवता आली, आणि दाखवणाऱ्यांना वाट पाव फुगवणाऱ्या जीवानं दाखवली होती.

लक्षात घ्या, या माणसांना वारशात कॅन्सर मिळत नाही. मुद्रितशोधकाची एक सदोष प्रत मिळते. दुसरी प्रत चांगली असते, म्हणून वर्षानुवर्षं काही होत नाही. मग आयुष्यात कधीतरी आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही बिघडते. त्या पेशीत आता दुरुस्ती नाही. तिच्या लेकी-नातींत चुका साचत जातात आणि एखादी चूक अशा जागी होते, की पेशीचा लगाम सुटतो. म्हणून हा कॅन्सर लवकर येतो, चाळिशी-पन्नाशीत. पण येतोच असं नाही. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ चा दोष असेल तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची आयुष्यभरातली शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. बाकी जनुकांत ती पुष्कळ कमी.

आता आपल्याकडचं बोलू. बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, कुठल्याही गावात विचारा, असं एखादं घर लोक दबक्या आवाजात दाखवतील. आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले, मग मधला मुलगा, मग धाकटी पोर. कुणी करणी म्हणतं, कुणी पितृदोष, आमच्या मोहल्ल्यात नजर म्हणतात. त्या घरात सोयरीक करायला लोक कचरतात. खरं म्हणजे अशा प्रत्येक घरात लिंचचाच दोष असेल असं मुळीच नाही. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरमागे तीनच्या आसपास या दोषाचे असतात. पण ज्या घरात तो असतो, तिथे तो शोधता येतो. आणि शोधण्याची पहिली पायरी म्हणजे कोण कशानं गेलं, हे सांगता येणं.

इथेच आपलं घोडं अडतं. आमच्याकडे शजरा म्हणतात, तुम्ही वंशावळ म्हणता. भाट पोथी घेऊन यायचे आणि सात-सात पिढ्या घडाघडा वाचायचे. अमक्याचा अमका, त्याचा तमका. त्यात मरणाचं कारण नसायचं, आणि मुली नसायच्या. हे जनुक मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. सदोष प्रत असलेल्या आईकडून किंवा बापाकडून ती प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला सारख्याच शक्यतेनं जाते, दोघांमागे एकाला. मुलगी लग्न होऊन हिंगणघाटला गेली, आर्वीला गेली, तिचं आडनाव बदललं, आणि माहेरच्या हिशेबातून ती पुसली गेली. तिला पंचेचाळिसाव्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला तर सासरचे म्हणतात, तिचं नशीब. माहेरी तिच्या भावाला पन्नाशीत आतड्याचा झाला तर म्हणतात, त्याचं तंबाखू-मिरचीचं खाणं. या दोन गोष्टी एका कागदावर येतच नाहीत. त्या आल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरला काही दिसणार नाही. दवाखान्यात घरात कुणाला काही होतं का, असं विचारलं की आपण नाही म्हणून मोकळे होतो. त्यात लपवण्याचा भाग असतोच. पण पुष्कळदा माणसाला खरोखरच माहीत नसतं, की आपली आत्या कशानं गेली. तिच्या मयतीला गेलो होतो, एवढं आठवतं.

एक नाजूक गोष्टही बोलून टाकतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात. महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत मामाची मुलगी करतात. अशा जोडप्यात दोघांकडेही एकाच पूर्वजाची सदोष प्रत असेल, तर मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळू शकतात. मग त्या लेकराची गत एकेरी प्रतीच्या यीस्टसारखी होते, जन्मापासून दुरुस्ती नाहीच. त्याला लहानपणीच रक्ताचा, मेंदूचा, आतड्याचा कॅन्सर होतो. हे फार विरळा आहे, त्यानं घाबरून जाऊ नये. पण ज्या घरात असा आजार आधी दिसलाय, त्या घरात नात्यातली सोयरीक ठरवताना वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं, असं मला स्पष्ट वाटतं. परंपरा आहे म्हणून गप्प बसण्याचं हे प्रकरण नव्हे.

ज्या १८९५ सालात ती बाई वॉर्थिनशी बोलली, त्याच साली वसंत रामजी खानोलकरांचा जन्म झाला. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. तिथली प्रयोगशाळा खानोलकरांनी उभी केली आणि भारतातल्या कुठल्या लोकांत कुठला कॅन्सर जास्त दिसतो, हे नोंदी ठेवून पाहायला सुरुवात केली. त्याच संस्थेत आज आनुवंशिक कॅन्सरचा स्वतंत्र दवाखाना आहे. तिथे कॅन्सर झालेल्याचीच नाही, त्याच्या भावंडांची, मुलांचीही विचारपूस होते. पहिली चाचणी अवघडही नाही. काढलेल्या गाठीची पातळ चकती घेऊन दुरुस्ती पथकातली चार प्रथिनं तिच्यात आहेत का, ते रंग देऊन पाहतात. एखादं उमटलं नाही, तर संशय घेऊन पुढे रक्तातल्या जनुकांची तपासणी करतात. घरात कुणाचा दोष नक्की ठरला, की बाकीच्यांना नेमकं तेवढंच तपासता येतं. ज्याच्यात दोष नाही तो मोकळा, त्याची मुलंही मोकळी. ज्याच्यात आहे, त्यानं तरुणपणापासून वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यायचं. मांसाचा कोंब दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकतात. कॅन्सर व्हायच्या आधीच.

औषधांतही दोन गोष्टी घडल्या आहेत. इंग्लंडचे जॉन बर्न आणि सहकाऱ्यांनी असा दोष असलेल्या आठशे एकसष्ट जणांवर साध्या अ‍ॅस्पिरिनची चाचणी घेतली. दोन वर्षं किंवा जास्त काळ ती घेतलेल्यांत पुढच्या काळात मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला, हे २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दाखवलं गेलं. ऐकून उद्या कुणी दुकानातून गोळ्या आणू नयेत. त्यानं पोटात रक्तस्राव होऊ शकतो, डॉक्टरांना विचारूनच. दुसरी गोष्ट मला जास्त नवलाची वाटते. ज्या गाठीत दुरुस्ती नाही, तिच्यात चुका इतक्या साचतात की तिची प्रथिनं परकी दिसू लागतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना ती ओळखता येते, फक्त गाठ त्यांचे हात बांधून ठेवते. हात सोडवणारं एक औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, तेही अवयव न पाहता. आतड्यात असो, गर्भाशयात असो, दुरुस्ती बिघडलेली गाठ आहे ना, मग हे द्या. अवयवाऐवजी गाठीचा स्वभाव पाहून दिलेली अशी ही पहिलीच मंजुरी. किंमत मात्र आमच्या कापूस पिकवणाऱ्या माणसानं विचारूही नये अशी.

आणि यीस्टचं काम अजून संपलेलं नाही. जनुकांची तपासणी केली की पुष्कळदा अहवालात लिहून येतं: बदल आढळला, अर्थ अनिश्चित. एक अक्षर वेगळं आहे, पण त्यानं मुद्रितशोधक बिघडला की नुसतं त्याचं कपडे घालणं बदललं, कळत नाही. आपल्या लोकांच्या वाट्याला असे अहवाल जास्त येतात, कारण जगातली नोंदवही आजवर मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवरून भरली गेली आहे. अशा वेळी पुन्हा त्या ताटलीकडे जातात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात २००७ मध्ये रुग्णांत सापडलेले एमएसएच-२ मधले कितीतरी बदल एकेक करून यीस्टच्या जनुकात घातले आणि ठिपके मोजले. ठिपके वाढले तर बदल घातक, नाही वाढले तर बहुधा निरुपद्रवी.

अर्थात यीस्टचंही सगळं सरळ नाही. कॉर्नेल विद्यापीठात २००६ मध्ये असं दिसलं, की यीस्टच्या दोन वेगळ्या वाणांतले एमएलएच-१ आणि पीएमएस-१ आपापल्या घरी उत्तम काम करतात, पण एका वाणाचा हा आणि दुसऱ्याचा तो अशी जोडी जमवली तर चुका वाढतात. दोन्ही गडी निरोगी, जोडी मात्र जमत नाही. म्हणजे एखाद्या अक्षरबदलाचा अर्थ त्या एका जनुकात पाहून लागेलच असं नाही; त्याच्या जोडीदाराकडे कुठली अक्षरं आहेत, हेही पाहावं लागतं. माणसांच्या बाबतीत हा हिशेब कुठवर लागू पडतो, त्यावर अजून काम चालू आहे. तोवर अनिश्चित लिहिलेला अहवाल फाडून टाकू नका. तारीख घालून जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात त्या अक्षराचा अर्थ लागलेला असू शकतो. सोबत एक साधा कागद न्या. त्यावर आई, मावश्या, आत्या, आजी, दोन्हीकडच्या, सासरी गेलेल्या सगळ्या. कुणाला काय झालं, आणि कितव्या वर्षी.